टपालाची विमानं इतकी का पडायची? एका हँगरवाल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. आजोबांच्या तिकीट-संग्रहात तुम्हाला हवाई टपालाचं एक जुनं पाकीट सापडलं. त्यावर पाण्याचे डाग आहेत, अपघातात भिजल्याचा शिक्का आहे, तारीख मात्र पुसट झालीय. त्याचा माग काढताना ‘पहिल्या चाळीस टपाल-वैमानिकांपैकी एकतीस जण मेले’ हे वाक्य तुमच्या वाचनात आलं आणि तुम्ही विचारलंत, की ती विमानंच भंगार होती, की ती चालवणारे डोक्यावर पडलेले होते?

आधी ते वाक्य बाजूला ठेवू. ते फार फिरतं, पण त्यावरून चित्र भलतंच उभं राहतं. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९१८ ते १९२७ या काळात स्वतः विमानं चालवली. त्या काळात दोनशेहून अधिक वैमानिकांनी तिथे काम केलं आणि त्यातले तीसहून अधिक जण अपघातात गेले. म्हणजे साधारण सातात एक. हाही आकडा अंगावर काटा आणणाराच आहे, पण ‘बहुतेक सगळे मेले’ आणि ‘सातात एक मेला’ यांतून कारणं वेगवेगळी शोधावी लागतात. शिवाय हे सगळं वर्ष, मार्ग आणि ऋतू यांवर फार अवलंबून होतं. नेब्रास्काच्या सपाट मक्याच्या शेतांवरून जूनमध्ये उडणं आणि पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलेघेनी डोंगरांवरून जानेवारीत उडणं या एकाच नोकरीतल्या दोन निराळ्या दुनिया होत्या. त्या डोंगरपट्ट्याला वैमानिक ‘हेल स्ट्रेच’ म्हणायचे, ते उगाच नाही.

मी विमान-देखभालीतला माणूस. आयुष्य हँगरमध्ये, ग्रीसच्या वासात आणि टेक-लॉगच्या (विमानाच्या नोंदवहीच्या) सह्यांत गेलं. शेवटची काही वर्षं नव्या मुलांना सेफ्टी शिकवली, तेव्हा हे जुने अपघात खोदून काढायचा नाद लागला. आमच्या जातीचा माणूस अपघात म्हटला की आधी इंजिनाकडे बोट दाखवतो. मीही बरीच वर्षं वर्गात तेच सांगायचो. आता नाही सांगत.

इंजिनं वाईट होती यात वाद नाही. पण इंजिन बंद पडणं हा त्या काळी अपघात धरलाच जात नसे. ती रोजची कटकट होती, आपली बस बंद पडते तशी. कर्टिस जेनीसारखं विमान ताशी सत्तरेक किलोमीटरने जमिनीला टेकायचं. एवढा वेग एखाद्या बऱ्यापैकी कुरणात मावतो. इंजिन खोकायला लागलं, की वैमानिक खाली शेत शोधायचा, उतरायचा, शेतकऱ्याच्या घरी फोन असेल तर फोन करायचा आणि टपालाच्या थैल्या घेऊन जवळचं रेल्वे स्टेशन गाठायचा. डीन स्मिथ नावाचा एक टपाल-वैमानिक असाच इंजिन बंद पडून उतरला. रिकामी म्हणावी अशी एकच जागा होती आणि तिथे नेमकी गाय उभी होती. गाय मेली, विमान मोडलं, आपण घाबरलो, एवढंच त्याने वरिष्ठांना तारेने कळवलं. गायीचं वाईट वाटतं, पण माणूस वाचला आणि तार करायला चालत गेला, हे महत्त्वाचं.

म्हणजे इंजिन बंद पडल्यावर वाचायला दोनच गोष्टी लागत होत्या: खाली जागा आणि ती बघायला उजेड. जागा अमेरिकेत मुबलक होती. कमी पडायचं ते दिसणं.

मला तुम्हाला खरं सांगायचंय ते या दिसण्याबद्दल. आजचा वैमानिक विमानतळ सोडतो तेव्हा खाली काय आहे ते त्याला दिसलं नाही तरी चालतं. १९१८ च्या वैमानिकापाशी होकायंत्र असायचं, आणि ते इंजिनाच्या हादऱ्यांनी आणि आसपासच्या लोखंडाने बहकायचं. उंची सांगणारं यंत्र ढोबळ होतं. रेडिओ नाही. हवामानाचा अंदाज म्हणजे पुढच्या ठाण्यावरून आलेली तार, ‘इथे स्वच्छ आहे’. आणि ती हातात पडेपर्यंत तिथे काय झालं असेल ते देव जाणे. सगळी भिस्त डोळ्यांवर होती. नदी बघा, रूळ बघा, ओळखीचं पाण्याचं टाकं बघा. रुळांना तर ते ‘लोखंडी होकायंत्र’च म्हणायचे.

ही पद्धत किती कच्ची होती ते पहिल्याच दिवशी दिसलं. १५ मे १९१८. वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीकाठचं पोलोचं मैदान. खुद्द राष्ट्राध्यक्ष विल्सन आलेले. लेफ्टनंट जॉर्ज बॉइल नावाचा नुकताच शिकून आलेला सैनिकी वैमानिक टपाल घेऊन फिलाडेल्फियाला निघायचा होता. मेकॅनिक पंखा फिरवून फिरवून थकले, इंजिन काही धरेना. शेवटी कुणीतरी टाकीत डोकावलं, तर टाकीत पेट्रोलच नाही! (मी हे वर्गात सांगितलं की पोरं हसायची. मी म्हणायचो, हसा, पण उद्या टाकीचं झाकण स्वतः उघडून बघा.) तेल भरून बॉइल उडाला, रुळांचा माग धरला, पण तो चुकीच्या रुळांचा. उत्तरेला जायचं सोडून तो आग्नेयेकडे गेला, पत्ता लागेना म्हणून मेरीलँडमधल्या वॉल्डॉर्फ गावाजवळ शेतात उतरला आणि विमान उलटं झालं. त्याला इजा झाली नाही. सोहळ्यातलं टपाल मागे आणावं लागलं. त्याच सेवेसाठी काढलेल्या २४ सेंटच्या तिकिटांच्या एका तावावर जेनीचं चित्र उलटं छापलं गेलं होतं आणि पुढे त्या तिकिटांना सोन्याहून जास्त मोल आलं. ‘उलटी जेनी’ तुमच्या आजोबांना नक्की ठाऊक असणार. तिकिटावर उलटी, शेतातही उलटी, आणि एकाच आठवड्यात.

बॉइलचं निभावलं, कारण हवा स्वच्छ होती. ढग खाली आले की हाच खेळ जिवावर यायचा. ढग तीनशे फुटांवर असेल तर रूळ दिसायला तुम्हाला अडीचशे फुटांवर यावं लागतं. मग झाडं, टेकड्या, गिरण्यांच्या चिमण्या तुमच्या उंचीला येतात. अशा वेळी इंजिन खोकलं, तर शेत शोधायला मिळतात काही सेकंद. उंची हा वैमानिकाच्या खिशातला पैसा असतो, आणि कमी ढगांत तुम्ही खिसा रिकामा ठेवूनच घराबाहेर पडलेले असता. ज्याला आपण ‘इंजिन बंद पडून अपघात’ म्हणून खतावतो, त्यातले कितीतरी खरं तर ‘खाली उडावं लागलं म्हणून अपघात’ असतात.

समोरून दुसरा कुणी तसाच खाली उडत येत असेल तर? ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समध्ये पिकार्डी भागात हेच झालं. लंडनहून पॅरिसला टपाल घेऊन निघालेलं डी हॅविलँडचं विमान आणि पॅरिसहून लंडनला प्रवासी घेऊन निघालेलं फारमन गोलिएथ. धुकं आणि रिमझिम. दोघेही खालच्या वाटेचा माग धरून, जेमतेम दीडशे मीटर उंचीवरून, एकमेकांच्या दिशेने. सात जण गेले. त्यात मधुचंद्राला निघालेलं एक अमेरिकी जोडपं होतं. प्रवासी विमानसेवेतल्या दोन विमानांची हवेतली ही पहिली टक्कर. एवढं मोठं आभाळ मोकळं असताना दोघे एकाच दोरीवरून चालत होते, कारण दिसत होती ती तेवढी दोरी. वाट उजवीकडून धरायची, हा रस्त्यावरचा साधा नियम आभाळात पक्का झाला तो त्यानंतर.

मग ढगात घुसून वर का जात नव्हते? चांगला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला एका खुर्चीने दिलं.

सेफ्टीच्या एका कोर्सला आम्हाला गोल फिरणाऱ्या खुर्चीवर बसवलं. डोळ्यांवर पट्टी, दोन्ही मुठी मांडीवर, अंगठे वर. ज्या दिशेला फिरतोय असं वाटेल तिकडे अंगठा करायचा. खुर्ची उजवीकडे फिरली, मी अंगठा उजवीकडे केला. वीसेक सेकंदांनी वाटलं, थांबली. अंगठा सरळ केला. मग वाटलं की डावीकडे फिरतेय, म्हणून डावीकडे केला. तेवढ्यात वर्गात हशा पिकला. पट्टी काढली तेव्हा कळलं, की खुर्ची कधी थांबलीच नव्हती आणि डावीकडे तर अजिबात फिरली नव्हती. ती उजवीकडेच फिरत होती. मला ‘डावीकडे’ वाटलं तेव्हा फक्त तिचा वेग कमी केला होता. कानातल्या नळ्यांमधला द्रव सारख्या वेगाला सरावतो आणि मग खोटं बोलायला लागतो. माझं वय तेव्हा चाळिशीपुढचं, विमानाचा नट अन् नट पाठ, आणि माझ्याच कानांनी मला भर वर्गात तोंडावर पाडलं.

ढगात हेच होतं. विमान हळूच एका अंगाला कलतं, शरीराला पत्ता लागत नाही. नाक खाली जातं, वेग वाढतो, वाऱ्याचा आवाज चढतो. वैमानिक घाबरून दांडा मागे ओढतो. विमान कललेलं असल्यामुळे वर न जाता घिरटी आणखी घट्ट होते. ढगाखाली बाहेर पडेपर्यंत जमीन आलेली असते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये वीस वैमानिकांवर याचा प्रयोग झाला. केवळ यंत्रांवर विसंबून उडण्याचं शिक्षण त्यांना नव्हतं. बाहेरचं दिसेनासं झाल्यावर विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, आणि त्याला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद. तीन मिनिटंही नाहीत. १९२० च्या टपाल-वैमानिकाकडे याहून काही जास्त नव्हतं.

हे आधी समजलं ते विल्यम ऑकर या अमेरिकी सैनिकी वैमानिकाला, १९२६ मध्ये. डॉक्टरने त्यालाही अशाच खुर्चीवर बसवून हरवलं. गडी दुसऱ्या खेपेला एक खोकं घेऊन आला. आत वळणदर्शक यंत्र आणि एक टॉर्च. खोक्यात तोंड घालून, कानांकडे दुर्लक्ष करून, फक्त काट्याकडे बघून त्याने प्रत्येक वेळी दिशा बरोबर सांगितली. तरीही पुढची कित्येक वर्षं ‘खरा वैमानिक बुडाखालच्या जाणिवेवर उडतो’ ही बढाई टिकून होती.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग धुकं असेल त्या दिवशी उडायचं नाही, विषय संपला. इथे प्रश्न यंत्राचा राहत नाही, साहेबाचा होतो.

टपाल खात्यात हवाई टपालाचा कारभार ऑटो प्रेगर यांच्याकडे होता. गडी रेल्वे-टपालाच्या शिस्तीतला: गाडी वेळेवर सुटते, मग विमान का नाही? दृश्यमानता असो नसो, उडा, असा त्यांचा खाक्या. जुलै १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर दाट धुकं असताना लिऑन स्मिथ आणि हॅमिल्टन ली या दोघांनी नकार दिला. दोघांनाही काढून टाकलं. बाकीच्या वैमानिकांनी काम बंद केलं. काही दिवसांत तडजोड झाली, की उडायचं की नाही हे वॉशिंग्टनमधल्या टेबलावर न ठरता त्या मैदानावरच्या माणसाने ठरवायचं. ज्याला धुकं दिसतंय त्याने बोलायचं, एवढंच. मला विचाराल तर त्या दशकातला सगळ्यांत मोठा सुरक्षेचा शोध हाच, आणि त्यात एक स्क्रूसुद्धा नाही. ली पुन्हा कामावर घेतला गेला, पुढे विमान कंपनीत मोठी कारकीर्द करून निवृत्त झाला आणि शंभरी ओलांडून गेला. नकार देणारा माणूस शंभरी गाठतो, हे मी पोरांना मुद्दाम सांगायचो.

पण प्रेगरना खलनायक करून मोकळं होऊ नका. त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. सप्टेंबर १९२० मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टपाल सुरू झालं, तेव्हा विमान फक्त दिवसा उडायचं. संध्याकाळी थैल्या रेल्वेत चढायच्या, सकाळी पुन्हा विमानात. यातून एखाद्या दिवसाची बचत व्हायची. तेवढ्यासाठी संसद पैसे कशाला देईल? धुक्यासाठी थांबलं की रेल्वे जिंकणार, रात्री थांबलं तरी रेल्वेच जिंकणार. प्रवासी म्हणतो, उद्या जाऊ. टपालाची थैली कधीच नाही म्हणत नाही. म्हणून प्रवाशांच्या आधी हा धोका टपालाच्या वाट्याला आला.

सरकार बदलायच्या तोंडावर, २२ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रेगरनी जुगार खेळला: दिवसरात्र न थांबता देश ओलांडायचा. दोन विमानं पूर्वेकडून, दोन पश्चिमेकडून. पश्चिमेकडचं एक नेवाडातल्या एल्कोजवळ कोसळलं, वैमानिक गेला. पूर्वेकडची दोन्ही शिकागोच्या पुढे गेलीच नाहीत. उरलेल्या टपालाची जबाबदारी नॉर्थ प्लॅटला जॅक नाइटवर आली. लोकांनी वाटेत शेकोट्या पेटवून ठेवल्या होत्या. ओमाहाला पोचल्यावर कळलं, की पुढचा वैमानिक शिकागोतच हवामानामुळे अडकलाय. नाइटने तो मार्ग कधी पाहिलेला नव्हता. रस्त्यांचा नकाशा घेऊन तो बर्फातून आणि धुक्यातून शिकागोला पोचला. सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेलं टपाल ३३ तास २० मिनिटांत न्यूयॉर्कला गेलं आणि खात्याचा निधी वाचला. पेपरवाल्यांनी नाइटला डोक्यावर घेतलं. मला मात्र यात दिसतात चार विमानं, एक मृत्यू, दोन माघारी आणि एक नशीब. आमच्याकडे या आकड्यांवर कुणी मार्ग मंजूर करणार नाही.

पण त्या शेकोट्यांतून धडा घेतला गेला. शेकोट्यांच्या जागी फिरते दिवे आले, मध्ये मध्ये आणीबाणीची मैदानं आली, आणि १ जुलै १९२४ पासून रात्रीचं टपाल नियमित झालं. पुढे जमिनीवर काँक्रीटचे भलेमोठे बाणही रंगवले गेले. त्यातले काही वाळवंटात आजही आहेत. म्हणजे ‘दिसत नाही’ या दुखण्यावरचा पहिला उपाय होता ‘दिसेल असं करू’. दुसरा उपाय, ‘न दिसता उडू’, तो २४ सप्टेंबर १९२९ ला आला. जिमी डूलिटल यांनी लाँग आयलंडवरच्या मिचेल फील्डवर झाकलेल्या कॉकपिटमधून उड्डाण केलं, घिरटी घेतली आणि उतरले, सगळं फक्त काट्यांकडे बघून. नवी अचूक उंचीमापक यंत्रणा, कृत्रिम क्षितिज (विमान कललंय का ते दाखवणारं यंत्र) आणि रेडिओचा माग. पुढच्या कॉकपिटमध्ये सावधगिरी म्हणून बसलेल्या वैमानिकाने हात बाहेर काढून दाखवले, की मी कशालाही हात लावलेला नाही.

माझं म्हणणं पटत नसेल तर १९३४ बघा. कंत्राटांतल्या घोटाळ्यावरून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कंपन्यांची टपाल-कंत्राटं रद्द केली आणि फेब्रुवारीत काम सैन्याकडे दिलं. मार्ग तेच, दिवे तेच. वैमानिक शूर होते, पण रात्रीचं आणि यंत्रांवरचं उड्डाण फारसं शिकलेले नव्हते, आणि पुष्कळ विमानांत ती यंत्रंही नव्हती. त्यात हिवाळा कडक. जूनच्या सुरुवातीला काम परत कंपन्यांकडे जाईपर्यंत साठहून अधिक अपघात झाले आणि डझनभर माणसं गेली. याच मार्गांवर कंपन्यांचे वैमानिक आधीपासून उडत होते. फरक न दिसता उडता येण्याचा होता.

आता इंजिनवाल्यांची बाजूही सांगतो, नाहीतर माझेच जुने सहकारी मला हँगरमध्ये पाऊल ठेवू देणार नाहीत. काही अपघात निखळ यंत्राचे होते. युद्धातून उरलेल्या डीएच-४ विमानात पेट्रोलची टाकी दोन माणसांच्या मधोमध होती. आपटलं की मागच्या टाकीचा भार पुढे बसलेल्या वैमानिकावर यायचा. समोर इंजिन, मागे टाकी, मध्ये माणूस. ‘उडती चिता’ म्हणावं अशी त्याची ख्याती. टपाल खात्याने वैमानिकाला टाकीच्या मागे नेलं आणि त्याच्या जुन्या जागी थैल्या ठेवल्या. तेवढ्या बदलाने तेच विमान कित्येक वर्षं चाललं. युंकर्स जेएल-६ हे पूर्ण धातूचं, दिसायला पुढच्या जमान्याचं विमान. पण पेट्रोलच्या नळ्या हादऱ्यांनी फुटायच्या आणि हवेतच आग लागायची. खात्याने नेमलेला पहिला वैमानिक मॅक्स मिलर १ सप्टेंबर १९२० रोजी अशाच आगीत आपल्या मेकॅनिकसह गेला.

याहून मला छळतो तो ३१ मार्च १९३१ चा कॅन्ससमधला अपघात. फॉकर एफ-१०, पंख लाकडाचे, वर प्लायवूडचं आवरण चिकटवलेलं. पंख हवेत तुटला, आठही जण गेले. त्यात फुटबॉलचा नामवंत प्रशिक्षक क्नूट रॉकनी असल्यामुळे देशभर गहजब झाला. आत ओल शिरून सरसाचे सांधे सुटले होते, आणि आवरण उचकटल्याशिवाय ते कुणाला दिसणंच शक्य नव्हतं. विचार करा, तपासणी करणाऱ्या माझ्यासारख्याने त्या सकाळी पंखावर हात फिरवला असेल, ‘ठीक’ लिहिलं असेल आणि प्रामाणिकपणे लिहिलं असेल. त्यानंतर लाकडी पंख उघडून तपासणं सक्तीचं झालं. ते इतकं खर्चिक, की धातूच्या विमानांची वाट आपोआप मोकळी झाली.

आणि काही अपघात निखळ माणसांमधले. १६ सप्टेंबर १९२६. चार्ल्स लिंडबर्ग, अजून जगप्रसिद्ध न झालेला, सेंट लुइसहून शिकागोला टपाल नेत होता. शिकागोवर धुकं. घिरट्या घालताना त्याच्या हिशोबाच्या बऱ्याच आधी पेट्रोल संपलं. पॅराशूटने उडी मारली. नाक खाली गेल्यावर टाकीच्या तळाचं उरलंसुरलं पेट्रोल इंजिनात आलं, इंजिन सुरू झालं आणि ते रिकामं विमान त्याच्याभोवतीच घिरट्या घालू लागलं! नंतर उलगडा झाला: ११० गॅलनची टाकी गळत होती म्हणून मेकॅनिकांनी ती काढून ८५ गॅलनची बसवली होती, आणि वैमानिकाला सांगायचं राहिलं होतं.

हे वाचून मी हसू शकत नाही, कारण असं पान माझ्याही वहीत आहे. फार वर्षांपूर्वी, एका कंपनीत पहाटेची शिफ्ट. दोन पंख्यांचं छोटं विमान, डाव्या टाकीचा गेज बंद. गेज बंद असला तरी पंखाखालची मोजपट्टी ओढून तेल मोजून विमान सोडायची मुभा असते. लॉगमध्ये रात्रीचा आकडा होता. त्यात सकाळी भरलेलं तेल मिळवलं, बेरीज जुळली, मी पेन उघडलं. तेवढ्यात बाऊझरवरचा (तेल भरणाऱ्या गाडीवरचा) पोरगा पाइप गुंडाळत सहज म्हणाला, “साहेब, रात्री ह्याच्यातनंच काढलं, सकाळी परत ह्याच्यातच भरलं. कशाला काढतात मग?” मी पंखाखाली वाकून मोजपट्टी ओढली. चारशे किलो कमी. रात्रीच्या शिफ्टने गळती बघायला तेल काढलं होतं. ते हँडओव्हरच्या कागदावर लिहिलं होतं, लॉगमध्ये नाही, आणि तो कागद क्लिपबोर्डवर दुसऱ्या कागदाखाली होता. त्या सकाळी हवा स्वच्छ होती, मार्ग छोटा होता, कदाचित काहीच झालं नसतं. पण त्या दिवसापासून मी दुसऱ्याच्या मोजमापावर सही केली नाही, आणि त्या पोराला वर्षभर चहा पाजला.

आपल्याकडचंही थोडं सांगतो. जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपाल आपल्याच देशातलं: १८ फेब्रुवारी १९११, अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला, वैमानिक आँरी पेके, सुमारे साडेसहा हजार पत्रं, तेरा मिनिटांचं उड्डाण. मुंबईला नियमित हवाई टपाल उतरलं ते १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जुहूच्या मैदानावर. जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे पस मॉथ घेऊन आले. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेव्हिल व्हिन्सेंट गेले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. रेडिओ त्यांच्याकडेही नव्हता. पण पावसाळ्यात जुहूचा चिखल झाला की ते आग्रह धरत बसत नसत, बिऱ्हाड पुण्याला हलवत. त्या पस मॉथचंही दुखणं होतं: १९३० ते १९३३ दरम्यान जगात ठिकठिकाणी या जातीच्या विमानांचे पंख हेलकाव्यांत हवेतच तुटले. शेवटी पंखाच्या टेकूला जादा आधार देऊन ते निस्तरलं. वारा पडलेला असताना पहाटे निघण्याची सवय अशा विमानाला मानवली असणार, असं आपलं मला वाटतं.

म्हणजे तुमच्या ‘विमान की वैमानिक’ या प्रश्नावर माझा कौल असा: दोन्ही होते, पण बहुतेक वेळा तिसरंच कुणीतरी होतं. न दिसणारी जमीन, न दिसणारा सांधा, किंवा न सांगितलेली टाकी.

आता तुमचं पाकीट. शिक्क्याची तारीख भिंगाखाली, तिरप्या उजेडात बघा. शाई उडाली तरी शिक्क्याचा दाब कागदावर राहतो. मग दिशा बघा. मुंबईहून विलायतेला जाणारं, ऑक्टोबर १९२९ च्या मध्यातलं पाकीट असेल, तर ‘सिटी ऑफ रोम’ या उडत्या बोटीचा, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचा, विचार करा. ती २६ ऑक्टोबरला इटलीच्या स्पेत्सियाजवळ वादळात समुद्रावर उतरली, ओढून आणताना रात्री बुडाली आणि सातही जण गेले. त्या वेळी मुंबईचं टपाल रेल्वेने कराचीला जाऊन मग विमानात चढायचं, तेव्हा कराचीचा शिक्का मागे असू शकतो. उलट विलायतेहून इकडे येणारं आणि १९३५ च्या नाताळातलं असेल, तर ‘सिटी ऑफ खार्टूम’ शोधा. ३१ डिसेंबरच्या रात्री अलेक्झांड्रियाच्या तोंडाशी तिची तिन्ही इंजिनं बंद पडली. बारा जण गेले, वैमानिक तेवढा वाचला. चौकशीत निघालं काय, तर कार्ब्युरेटरचे जेट (इंजिनात तेल सोडणारी बारीक भोकं) बदलल्याने तेल हिशोबापेक्षा जास्त जळत होतं. पुन्हा टाकीच.

आणखी एक बघा. समुद्रात भिजलेल्या पाकिटांवरची तिकिटं सहसा गोंद सुटून निघून गेलेली असतात. तुमच्या पाकिटावर तिकीट घट्ट आहे की नुसता त्याचा चौकोन उरलाय? ते कळवा, आणि पाठीमागच्या बाजूचा फोटो टाका. पाकीट पाण्याने मात्र पुसू नका.